पोटगी नको, घर द्या

६ जानेवारी, सोमवार
कराडच्या कोर्टात घटस्फोट झाला. वकील म्हणाले, शालूबाई, पोटगी घ्या, महिन्याला हातात येईल. मी म्हटलं, पोटगी नको, मलकापूरचं घर द्या. नवरा लालासाहेब लगेच हो म्हणाला. घाबरतो मला. पुढं कधी पोटगी मागणार न्हाई, असं लिहून सही केली. चौथी शिकले, पण सही झोकात. भाऊ जोतीराम म्हणत होता, आक्का, आधी उतारा काढ. त्याला सगळीकडं शंका. बावीस वर्षं ज्या घराच्या फरश्या पुसल्या त्याचा उतारा काय बघायचा?

८ जानेवारी, बुधवार
प्लॅन पक्का. मागची खोली नर्सिंगच्या दोन पोरींना भाड्यानं. माझं भागलं. अडचण एकच, खोलीत सासू आहे. आत्याबाईंना सरळ सांगितलं, तुमचा लेक सांगलीला गेला, तुमीबी जावा. किती दिवस राहणार इथं? त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, बघू. आठ दिवसांत घालवते.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ दिला आणि म्हटलं, घ्या आणि सांगलीची गाडी धरा. खाल्ला. म्हणाल्या, पाक कडक झालाय, तुझ्यासारखा.

१७ जानेवारी, शुक्रवार
टीव्हीची वायर काढली. त्या शेजारी बयाबाईकडं सिरीयल बघून आल्या. आपला गॅस संपला. आत्याबाईंच्या चुलीवर माझाही चहा झाला. मी मागितला नव्हता. वाया जाईल म्हणून प्यायले. पेंटरकडून बोर्ड आणला, 'शालूबाई निवास'. उद्या पाचला उठून लावणार.

१८ जानेवारी, शनिवार, साडेआठ
आत्ता उठले. आत्याबाई म्हणाल्या, खिळा मारू नगं, प्लॅस्टर निघंल. म्हटलं, माझं घर, माझा खिळा. प्लॅस्टर निघालं.

२० जानेवारी, सोमवार
नाव लावायला नगरपरिषदेत गेले. क्लार्कनं उतारा वाचून दाखवला. मालक तानुबाई. म्हणजे आत्याबाई. सासऱ्यांनी जाण्याआधी घर त्यांच्या नावावर केलेलं. लालासाहेबाचं नाव कुठंच न्हाई. मग त्यानं मला दिलं काय? क्लार्क म्हणाला, ते त्यांनाच विचारा. बाकावर बसले. शिपाई म्हणाला, मावशी, ऑफिस बंद करायचंय.

२१ जानेवारी, मंगळवार
लालासाहेबाला फोन. म्हणाला, तू मागितलंस, मी हो म्हटलं. वकील म्हणतात, परत अर्ज करू, वर्षं किती लागतील सांगता येत न्हाई. जोतीराम म्हणाला, पाटणला ये, फक्त बायकोला विचारून फोन करतो.

२४ जानेवारी, शुक्रवार
फोन न्हाई. रेंज नसेल तिकडं. पीठ संपलं. आत्याबाईंनी दोन भाकऱ्या झाकून ठेवल्या. एक खाल्ली, तोंड फिरवून. दुसरी पण खाल्ली.

२६ जानेवारी, रविवार
आत्याबाईंनी पुढच्या खोलीत नर्सिंगच्या दोन पोरी ठेवल्या. आयडिया माझीच. माझी गादी मागच्या खोलीत, त्यांच्या ट्रंकेशेजारी. तात्पुरती. एका पोरीनं विचारलं, आजी, या कोण? म्हणाल्या, माझ्याकडंच असती. बोर्ड पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून अगदी मापात बसला.
संध्याकाळी त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, शालू, किती दिवस राहणार इथं?
मी म्हटलं, बघू.
त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं.