पंडिताच्या आईचं तीळपाणी

चि. इरा,

तू तिकडे जर्मनीत लिहिलेलं त्या जुन्या कायदेपंडिताचं चरित्र फोनवर मराठी करून वाचलं. चारशे वर्षांपूर्वी त्याने तीन विद्यापीठांत शिकवलं, वारसाहक्कावर ग्रंथ लिहिले. आईला मात्र दरवर्षी कळवायचा, "हे सत्र संपलं की येतो." वाट बघतच ती वारली. तू हे एका तळटीपेत उरकलंस.

आज रामकुंडावर यजमानांकडचं श्राद्ध सांगून झाल्यावर मी तिच्या नावाने तीळपाणी सोडलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. मी आपल्या घरचंच गोत्र म्हटलं.

घरी तुझ्या आईला अर्धीच गोष्ट सांगितली. तिने एवढंच विचारलं, "शेवटी पोचला का हो तो?"

मी हो म्हटलं.

तुझं सत्र चालू आहे, म्हणून हे पाठवत नाही.

बाबा