ताईंना विचारा

आई, माझं काम नेमकं काय, हे तुला समजावून सांगणं तू असतानाही मला जमलं नव्हतं. चाळीत कोणी विचारलं की तू सांगायचीस, "कंपूटरवर लिवता." आणखी खोदून विचारलं तर, "ता तिकाच माहीत." तू जाऊन आता वीस वर्षं होत आली आणि ते कामच संपत आलंय, म्हणून म्हटलं, एकदा नीट सांगून टाकावं.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी आणि पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करते. दवाखान्याच्या कंप्युटरला लॅबच्या कंप्युटरकडून रिपोर्ट मागवायचा असेल, तर कसा मागायचा, सोबत काय काय द्यायचं, बदल्यात काय मिळेल, हे बाहेरच्या प्रोग्रामरांना कळेल असं लिहून ठेवावं लागतं. ते लिहायचं काम माझं. कोड लिहिणारी मुलं वेगळी. ती आपलं लिहून मोकळी होतात, पण काय लिहिलं ते समजावून सांगायचा त्यांना भारी कंटाळा. मग मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. हे काय करतं रे? इथे हाच आकडा का? हे रिकामं सोडलं तर काय होईल? ती वैतागायची, टाळायची, पण सांगायची. इतकी वर्षं मी पगार घेतला तो लिहिण्याचा, पण खरं काम होतं विचारण्याचं. आणि मला त्याचाच लळा होता.

ही सवय तुझी. आपली खानावळ म्हणजे तरी काय, लालबागच्या चाळीतली एक खोली, भिंतीला लागून मांडलेले पाट, आणि पाळी सुटली की हातपाय धुऊन येऊन बसणारे गिरणीतले गाववाले. बाबा आधीच गेलेले. तू एकटी रांधतेस, मी शाळेतून येऊन वाढते. एकदा बॉयलरवर काम करणारे ते काका हात आखडून नुसतेच बसलेत, मला वाटतं यांचं झालं, आणि मी त्यांचं ताट उचलते. तू स्टोव्हपुढून ओरडतेस, "इचारलंस तेका? नाय ना? मगे ताट कित्याक उचललंस?" अख्खी पंगत हसते. काकांना तिखट सोसत नसे आणि ते त्यांच्यासाठी बाजूला काढलेल्या कमी तिखट कालवणाची वाट बघत होते. मला इतकं रडू आलं की मी गॅलरीत जाऊन बसले. जेवायला तू मला हाक मारलीस, पण समजूत काही काढली नाहीस.

मग संप झाला. सुरुवातीला पंगत होती तशीच होती, उलट लोक जास्त वेळ बसायचे. मग भाताऐवजी पेज आली, आणि मग एकेक पाट रिकामा व्हायला लागला. कोणी गावी गेलं, कोणी वडाळ्याच्या यार्डात हमालीला, कोणी प्रभादेवीला वॉचमन, कोणी दादरला भाजी घेऊन बसलं. कोण कुठे गेलं ते फक्त तुलाच ठाऊक, कारण जाणाऱ्या प्रत्येकाला तू विचारून घेतलेलं. गावाहून त्यांच्या बायका, भाऊ यायचे आणि जिन्यातच कोणीतरी त्यांना सांगायचं, "वरच्या मावशीक इचारा." तू आधी त्यांना जेवायला बसवायचीस. मी एकदा म्हटलं, अगं, आधी सांगून टाक ना, बिचारी केव्हाची रडतेय. तू म्हणालीस, "आधी जेवांदे. उपाशी पोटी काय आयकतली ती?"

ते विचारणंही हळूहळू आटलं. माणसं आपापल्या जागी लागली किंवा गेली, खानावळ बंद झाली, मी नोकरीला लागले. संध्याकाळी मी घरी यायची तेव्हा तू गॅलरीत जिन्याकडे तोंड करून बसलेली असायचीस. मी चपला काढतेय तोवर सांगायचीस, "आज कोण नाय इलो." तक्रार नसायची त्यात, दूध आलं नाही म्हणावं तसं म्हणायचीस. मी "बरं" म्हणून चहा टाकायची. कोणी न येण्यात सांगण्यासारखं काय आहे, हे तेव्हा मला खरंच कळत नव्हतं.

मी या कंपनीत लागले त्या दिवशी तू मला चार पुडांचा डबा दिलास. मी म्हटलं, मी काय कुस्ती खेळायला चाललेय? तू म्हणालीस, "तुका मानसांक इचारूचा आसा ना? मगे हातात काय नको?" आणि आई, अगदी तसंच झालं. टेबलाशी उभं राहून जे कळायचं नाही ते जेवताना कळायचं. बांगड्याचं तिखलं उघडलं की ही मुलं आपण होऊन सांगायला लागायची, अगदी स्वतः केलेल्या चुकांसकट. तू गेल्यावरही मी तो डबा भरून नेत राहिले.

आता एक टूल आलंय. ते मुलांनी लिहिलेला कोड ओळीओळीने वाचतं. प्रत्येक तुकड्याचं नाव, त्याला काय द्यायचं, तो काय परत देतो, हे सगळं शोधून काढतं. कोडच्या वर मुलांनी स्वतःसाठी दोन ओळी टिपून ठेवलेल्या असतात, त्याही उचलतं आणि आपोआप पानं तयार करतं. कोड बदलला की पान बदललं. मी लिहायची तेव्हा पानं कोडच्या मागे रखडत असायची, ते आता होत नाही. चांगलं आहे गं टूल, उगाच नावं ठेवणार नाही. ते बसवायचं कामही मलाच दिलं, आणि बसवून झाल्यावर माझ्या खुर्चीची गरज नाही हेही गोड शब्दांत सांगितलं. नोकरी जाण्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. जायचं वय झालंच होतं. पण टूल बसल्यापासून मी कोणाच्या टेबलाशी गेले नाही आणि माझ्या टेबलाशी कोणी आलं नाही, ते मात्र मला सोसत नाही.

पहिली पानं तयार झाली आणि कोणी न वाचता थेट गिऱ्हाइकांकडे गेली. दुसऱ्या दिवशी आमचा मॅनेजर हसत हसतच आला. "ताई, लफडं झालंय. क्लायंट विचारतोय, हू इज ताई?" बघते तर काय, पानोपानी मीच. मुलांनी कोडच्या वर इंग्रजी अक्षरांत मराठीत टिपून ठेवलं होतं, 'हे असं का, ते ताईंना विचारा.' 'हात लावू नका, आधी ताईंना विचारा.' टूलला काय कळणार! त्याने इमानेइतबारे सगळं छापलं. ऑफिसभर हशा पिकला, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, अगदी ताट उचलल्या दिवशी रडले होते तशी. इतक्या ठिकाणी मी होते आणि मला माहीतच नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "तेवढं साफ करून टाका ना ताई. जिथे तुमचं नाव आहे तिथे खरं कारण लिहून टाका, म्हणजे कोणाला विचारायला नको."

म्हणजे कोणाला विचारायला नको. तेच करतेय मी सध्या. एकेक ओळ काढते आणि तिथे कारण लिहिते. बहुतेक कारणं कोणत्या जेवणाला ऐकली तेही आठवतं. सांगणारी मुलं कधीच नोकरी सोडून गेली. आमचं ऑफिस ज्या गिरणीच्या जागेवर आहे तिथल्या कामगारांना तू जेवायला घालायचीस, आणि तिथे बसून मी स्वतःला पुसतेय.

सगळं झालंय, एक सोडून. समोरच्या लॅबकडून उत्तर आलं नाही तर किती थांबायचं आणि मग पुन्हा विचारायचं, असा एक छोटा तुकडा आहे. आकडा बराच मोठा आहे, बघणाऱ्याला तो चुकलाय असंच वाटेल. कारण मला माहीत आहे. कोकणातल्या एका लॅबमध्ये एकच माणूस आहे. रक्त तोच काढतो, तपासतो तोच, कंप्युटरही तोच बघतो. हात धुऊन यायला त्याला वेळ लागतो, आणि लवकर लवकर विचारलं तर आपलं मशीन समजतं की तिथे कोणीच नाही. हे मी जाण्याआधी लिहीन, नाहीतर कोणीतरी न विचारता आकडा कमी करेल आणि त्या माणसाची पंचाईत होईल. पण अजून लिहिलेलं नाही. तिथे अजून 'ताईंना विचारा' आहे, मुद्दाम ठेवलंय. आणि डबा अजून चार पुडांचाच नेते.

हे पत्र मी कुठे पाठवणार, आणि पाठवून काय मागणार? तुला फक्त एवढंच सांगायचं होतं, कारण घरी ऐकून चहा टाकणारं कोणी नाही. आज कोण नाय इलो.