सात पाऊणे किती

प्रिय सदूदादा,

'साष्टांग नमस्कार' लिहायला घेतलं आणि हात अडला. आज साष्टांग काही निघत नाही, तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. मंगळवारी तू तपासणीला येणार, खोतांच्या गजाने सोमीला सगळ्या शाळेसमोर एक चापट मारायची, म्हणजे फिटंफाट; आणि मी हे होऊ दिलं नाही तर सोमीचं नाव पटावरून कमी होणार. वर मला सल्ला, की एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नकोस. शाळा तपासणाऱ्या दुसऱ्या कुणा दिपोटीने असं लिहिलं असतं तर मी चुलीत घातलं असतं. अक्षर तुझं, म्हणून अंगाचा तिळपापड झाला.

तू ही हकिकत खोतांच्या ओसरीवर ऐकलीस, आता माझ्याकडून ऐक. दिवाळीनंतर मी या शाळेत आले त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. इथे तू मास्तर होतास तेव्हाची तुझी रीत पोरांच्या अंगात अजून मुरलेली आहे. ज्याला उत्तर येईल त्याने, न आलेल्यांची रांग करून, डाव्या हाताने एकेकाचं नाक धरायचं आणि उजव्या हाताने गालावर चापट द्यायची. मास्तरने हात उचलायचा नाही आणि वर्ग मात्र चिडीचूप. ही युक्ती तू कर्जतच्या मास्तरांना कौतुकाने सांगतोस ना? मी पाऊणकीचा पाढा विचारत होते. सात पाऊणे किती? कुणाला सांगता येईना. मागून सोमी म्हणाली, सव्वापाच. मी शाबास म्हणेपर्यंत मुलं आपणहून रांगेत उभी राहिली आणि सोमी नाकं धरत निघाली. मी थांब थांब म्हणतेय तोवर ती गजापर्यंत पोचली होती. आता या रीतीतली एक गंमत तू मला कधी कळवली नव्हतीस. गजाच्या गालाला नुसतं बोट लावायचं, नाक तर धरायचंच नाही, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सोमी वाडीवरून खाली उतरून या सालीच शाळेत आली. तिला कुणी सांगितलंच नाही. तिने सगळ्यांना दिली तशी त्यालाही दिली, कमी नाही की जास्त नाही. तुझी शिस्त जर कुणी तंतोतंत पाळली असेल, तर ती त्या एकट्या मुलीने.

गजाचं म्हणशील तर तो हसत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाई, मना लागलाच नाय, घरी उगाच बोंबलतात." खोत मात्र शाळेच्या दारात उभे राहून ओरडले, "ठाकराची पोर आमच्या गजाचं नाक धरते, ही शाळा हाय का काय हाय?" शाळाच आहे, म्हणूनच धरलं, असं मी म्हणाले. ते तुला कळवलं नसेल त्यांनी.

ती रीत मी त्याच दिवशी बंद केली. पुढे आठवडाभर वर्ग नुसता उधळला. पाट्या काय आपटतात, एकमेकांच्या शेंड्या काय ओढतात! धाकाने गप्प बसायला शिकलेली मुलं धाक काढला की अशीच वागणार, त्यात त्यांचा काय दोष? मी ओरडले नाही. आवाज इतका खाली आणला की पुढच्यांनाच ऐकू जाई, मग मागचे आपापसांत शू शू करू लागले. सगळ्यात दांडगा गजा, त्याच्याकडे पाट्या वाटायचं काम दिलं. आता तो वाटताना सगळ्यांना दटावतो आणि स्वतः गप्प बसतो. वर्गात गलका असतो, पण कामाचा. तुझ्या तपासणीत हे बसणार नाही, मला माहीत आहे.

आणि काल सोमीचा बाप आला. शुक्रा माथेरानला हातरिक्षा ओढतो, तो काम टाकून डोंगर उतरून आला आणि शाळेच्या पायरीखालीच उभा राहिला. वर ये म्हटलं तरी येईना. हात जोडून म्हणाला, "बाय, पोरीला एक लागली तं लागू द्या, पर तिला शालंत राहू द्या." मला खोतांचा राग आला नव्हता इतका त्या जोडलेल्या हातांचा आला, आणि त्याहून तुझा. लेकीने मार खावा म्हणून बापाला विनवायला लावलंत तुम्ही. आणि ती पोर? विचारलं की "मना नाय येत" म्हणते आणि अंगठ्याने जमीन उकरते. तिला येतं, दादा. येत असून गप्प बसणारं माणूस मी लगेच ओळखते.

ते मी तुझ्याकडे बघून शिकले. खालापूरला आपल्या आप्पांच्या शाळेत हीच रीत होती. मी रांगेत उभी राहिले की तूही मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन उभा राहायचास. घरी जेवता जेवता अख्खी पाऊणकी घडाघडा म्हणणारा तू, शाळेत मात्र तोंड उघडायचा नाहीस, कारण उघडलंस तर माझं नाक तुलाच धरावं लागलं असतं. आप्पा तुला ठोंब्या म्हणायचे. तू ऐकून घ्यायचास. त्या मुलाने मोठेपणी दुसऱ्यांच्या मुलांवर तीच रीत कशी चालवली, हे मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. एवढंच कळवायला हे पत्र, की मंगळवारी खोतांची गाडी स्टेशनवर येईल, तीत बसून ये नाहीतर चालत ये, तुझी मर्जी. सोमीला रांगेत उभं केलंस तर तिच्या शेजारी मी उभी असेन, आणि गजाने आधी माझं नाक धरायचं. तू मला सात पाऊणे किती म्हणून विचार. मला येतं. मी सांगणार नाही.

अजूनही तुझीच,
इंदू