अठ्ठावन्नाव्या वर्षी

सामरवरणी, सिल्वासा
१० जानेवारी १९८८

चि. प्रभाकर यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पहाटे पुन्हा तो आवाज कानात घुमला. शाळेच्या पत्र्याखाली आपण सगळी पोरं मांड्या हलवत, ताल धरून कविता म्हणायचो, आणि सगळ्यांच्या वर, पितळी वाटीवर चमचा वाजावा तसा तुझा एकट्याचा आवाज. गुरुजी राणीच्या ओळी नेहमी तुलाच द्यायचे. जाग आली तर आमच्या प्रमोदच्या कंपनीतल्या धाग्याच्या मशिनींची घूं घूं. इथे रात्रंदिवस तीच कविता, एकाच ओळीची.

वासंतीला सातवा लागला आणि तू तिला बाळंतपणाला धुळ्याला आणणार म्हणतोस. अरे, सरू असती तर गोष्ट वेगळी होती. डिंकाचे लाडू तू वळणार? की तार ऑफिसातली कडकट्ट ऐकवून बाळाला निजवणार? त्यापेक्षा तिला इकडे पाठव, सूनबाई अरुणा सगळं प्रेमाने करील. पण तिच्या सासूबाईंना आधी विचार. पहिलं बाळंतपण माहेरीच आणि माहेर म्हणजे बापाचं घर, असं पुतळाबाई ऐकवतीलच. लग्नात मठ्ठ्यात मीठ कमी म्हणून अख्खी पंगत उठवणारी बाई ती!

आणि गेल्या पत्राखाली सही नुसती ‘प्रभा’? शाई संपली, की पेन्शनर झाल्यावर नावालाही कात्री लावलीस?

प्रकृतीला जप. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा
दादा

०

धुळे
२ फेब्रुवारी १९८८

ती. दादास साष्टांग नमस्कार.

शाई संपली नव्हती. दादा, आधी बस आणि मग पुढे वाच. मनात स्वतःशी जशी बोलते, तसंच आज लिहिते आहे.

मी बाई आहे. कळायला लागल्यापासून आहे. माझा आवाज फुटला त्या वर्षी मी महिनाभर तोंड उघडलं नाही आणि तुम्ही सगळ्यांनी भगताकडून गंडा आणून बांधलात, आठवतं? आजारबिजार काही नव्हता. तो आवाज गेला त्याचं मी सुतक पाळत होते.

लग्नानंतर सरूला सांगितलं. ती माहेरी निघून गेली. परत आली तेव्हा म्हणाली की घरात, दार लावून, काय नेसायचं ते नेस, पण पोराबाळांना आणि लोकांना कळता कामा नये. तिने ते शेवटपर्यंत निभावलं. मीही.

ती गेल्यावर मी मुंबईच्या एका डॉक्टरांकडे जायला लागले. गोळ्या चालू आहेत. ऑपरेशन करून देह बाईचा करता येतो, दादा. वैशाखातली तारीख दिली आहे. पण डॉक्टर बजावतात की या वयात, त्यात साखर, जखम भरेल न भरेल. केलं नाही तर जीव जाणार नाही, केलं तर जाऊही शकतो, तेव्हा घरी बसून ठरवा. घरी कोण आहे बसायला? सकाळी वाटतं करावं, संध्याकाळी हातपाय गळतात. जगून तर बहुतेक झालंच. पण शेवटची आंघोळ घालतील ती माझ्या देहाला घालावी, कुणा परक्याच्या देहाला नको, एवढं एक मनातून जात नाही.

वासंतीला अजून काही सांगितलेलं नाही. तू ‘नको’ म्हणालास तर मी थांबेन.

रागाव हवं तर, पण लोभाचा धागा तोडू नकोस.

तुझी
प्रभा

०

सामरवरणी, सिल्वासा
१६ फेब्रुवारी १९८८

चि. — पुढे काय लिहू? ‘चि.’ला बाई की पुरुष ते विचारावं लागत नाही, तेवढंच राहू दे. आशीर्वाद.

पोस्टमनने पत्र नाक्यावर हातात दिलं आणि मी ते उभ्याउभ्या फोडलं. ‘आधी बस’ हे वाचेपर्यंत नजर पुढच्या ओळीवर गेली होती. नंतरचं मला लोकांकडून कळलं. घर मागे टाकून मी नरोलीच्या रस्त्याने चालतच सुटलो. तिथल्या भाड्याच्या खोल्यांत आपल्या खानदेशातली पोरं राहतात. त्यातल्या काळूने माझ्या पायांत एकच चप्पल पाहिली आणि सायकलवर घालून घरी आणलं. अरुणाला म्हणाला, मास्तरले ऊन लागनं. माघ महिन्यात ऊन! तरी तिने कांदा फोडून हुंगायला दिला. मी कुणाला काही बोललो नाही. रात्री तुझं पत्र चुलीत घालायला उठलो, तर इथे गॅस.

अरे, या वयात माणसं काशीला जातात, मोतीबिंदू काढून घेतात. हे काय काढलंस? एका पांघरुणात वाढलो आपण. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणायला जातो, तर नुसता तो शाळेतला आवाज येतो, चेहरा येतच नाही. घाबरून काल तुझ्या लग्नाचा फोटो काढून बसलो होतो. त्यात मला सरूच दिसत राहिली. किती ओझं घेऊन ती हसते आहे!

आणि वासंती? पुतळाबाईंना वारा जरी लागला तरी पोरीला तान्ह्या बाळासकट दारात उभी करतील. तिला आई नाही, भाऊ नाही. आणि तू त्या टेबलावरून उठलासच नाहीस तर मी काय करू? धाकटं भावंड म्हणून मला तू एकच आहेस.

नको. मोठा भाऊ म्हणून लिहितो आहे. नको म्हणजे नको.

माया आहे म्हणूनच कडक लिहिलं.

दादा

०

धुळे
२८ फेब्रुवारी १९८८

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझ्या शब्दाबाहेर नाही. डॉक्टरांना कळवलं, तारीख सोडली.

वासंती आली होती. मी लाडू वळत होते आणि ती बाजूला पाय पसरून बघत बसली होती. म्हणाली, बाबा, तुमचा हात अगदी आईसारखा वळतो. मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. दादाकाकांना विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलंय, तेव्हा तू घाबरू नकोस, हेही सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने चाळीसगावला, सासरी, परत गेली. आठवा महिना, दादा, आणि पोर एकटी. मी स्टँडपर्यंत मागे मागे गेले. तिने खिडकीतून वळून पाहिलं नाही.

जिच्यासाठी थांबायचं तीच गेली. आता करायचं कशाला आणि थांबायचं तरी कशाला? लुगडी सरूच्या ट्रंकेत परत ठेवली आहेत. या विषयावर मी पुन्हा लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

आशीर्वाद कोणत्याही नावाने पाठव, पण पाठव.

तुझा
प्रभाकर

०

सामरवरणी, सिल्वासा
६ मार्च १९८८

चि. प्रभाकर यास आशीर्वाद.

तुझी सही पाहिली. पुरी सही. मीच मागितलं ते तू दिलंस, मला बरं वाटायला हवं होतं. सकाळपासून ‘योग्य केलंस’ एवढे दोन शब्द लिहायला बसलो आहे. पेन पुढे जात नाही. वासंतीसाठी पुतळाबाईंना काय लिहावं, कोणत्या तोंडाने क्षमा मागावी, तेही सुचत नाही, कारण

दार वाजतंय. अरुणा बाजारात गेली आहे. थांब.

प्रभा, दारात पुतळाबाई! चाळीसगावहून जीप करून, एकट्या, नऊवारीचा पदर कमरेला खोचून. वाटलं, संपलं सगळं. पाणीसुद्धा घेतलं नाही, उंबऱ्यावरूनच सुरुवात केली. वासंतीने त्यांच्याजवळ सगळं ओकलं आहे. पोरगी रडते आहे ती वेगळ्याच गोष्टीला. काकाला आधी विचारलं आणि पोटच्या पोरीला शेवटी सांगितलं, तेही ठरवून मोकळं झाल्यावर, हे तिला लागलं आहे. ऐकून मी दाराची चौकट धरली.

चाचरत विचारलं की तुम्हाला यात काही वावगं... तर उसळल्या. म्हणाल्या की मला मुळीच पटत नाही, सात पिढ्यांत असलं ऐकलं नाही. पण ते तुमच्या घरचं, ज्याच्या जिवाला घोर त्याने ठरवावं. माझं भांडण निराळं आहे. पहिलटकरीण माहेरातून माघारी आली, मी भाऊबंदांत काय तोंड दाखवू? आणि माहेरचा मुराळी न्यायला आल्याबिगर सून धाडायची आमच्यात रीत नाही. तिला भाऊ नाही, बाप यायला धजत नाही, उरलात तुम्ही. मास्तर, चपला घाला, दोन्ही घाला! पोरीला घेऊन धुळ्याला चला, आणि ते ‘नको’ समोर बसून सांगा. कागदावर लिहायला काय जातं!

म्हणजे काळूची ती गोष्ट चाळीसगावपर्यंत पोचली आहे.

त्या ड्रायव्हरला रागवायला खाली गेल्या आहेत, तेवढ्यात लिहितो. हे पत्र पेटीत टाकत नाही, तुझ्या हातात देईन. समोर आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, तू मला ओळखतेस. माझं ‘नको’ मी परत घेतो. ‘हो’ म्हणायचं धैर्य अजून झालेलं नाही. तू त्या टेबलावरून उठली नाहीस तर, ही भीती जाणार नाही. पण डॉक्टरांना पुन्हा लिही. बाळ होऊ दे, वासंतीला जवळ घेऊन बस आणि मग तुझं तू ठरव. जे ठरेल त्याला मी मुंबईला बरोबर असेन.

पुतळाबाई पुन्हा दारात उभ्या आहेत. कविता नंतर लिहा, म्हणतात.

दादा