कपाटाच्या दारावरची आई

१० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू प्रशिक्षणाला गेल्यापासून तुझ्या झाडांना पाणी घालायला जातोय. काल टॉवेलसाठी कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला अख्खं चित्र. आपलं जुनं स्वयंपाकघर आणि ओट्याशी पाठमोरी आई. ती गेल्यावर इतकी जवळून दिसलीच नव्हती. मी पडलो सुतार, चित्रातलं मला काय कळतंय? पण टॉवेल विसरून उभाच राहिलो.

मग दार बिजागऱ्यांतून सोडवलं आणि चित्रांच्या दालनात नेलं. मालकांनी तिथल्या तिथे भिंतीला लावलं. आज एक गिऱ्हाईकही मागे लागलंय. आता घाबरणं सोड, त्या नोकरीत कवळ्यांच्या दातांना रंग जुळवत बसणं पुरे कर आणि राजरोस चित्रकार हो.

लोभ आहेच, तुझ्याकडूनही येऊ दे.
तुझा दादा

१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी आले तर कपाटाला एक दार नाही, आणि कपडे माझ्याकडे टकामका बघतायत. त्या दारावर मी दर रविवारी रंगवते. पुढच्या रविवारी पांढरा हात मारून त्यावरच दुसरं काढते. तिथे हात वाकडा गेला तरी चालतो, कारण बघायला कोणी नसतं. आई तिथे किती वेळा काढली नि पुसली, ते माझं मला ठाऊक.

आणि मी घाबरते, हे तुला कुणी सांगितलं? विकायला काढलेले कॅनव्हास पलंगाखाली आहेत. नोकरी अर्धवेळ करून मागितलीय. विचारलं असतंस तर दाखवलं असतं. काय विकायचं आणि काय ठेवायचं, ते मी ठरवणार. तूही नाही आणि मालकही नाहीत. शनिवारी दार आणायला जातेय.

माया असू दे, पण स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून.
तुझी ठमी

२४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मालकांचा फोन आला होता. म्हणे गिऱ्हाईक समोर असताना तू चित्रावर पांढरा रंग फासलास, आणि मग त्यांच्या टेबलावर आपले कॅनव्हास मांडलेस. तुमची बहीण डोक्यावर पडलीय, म्हणाले. मी म्हटलं, लहानपणापासूनच. कॅनव्हास मात्र ठेवून घेतलेत, पुढच्या महिन्यात लावणार आहेत.

आई पुसलीस याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पार्सलने नव्या बिजागऱ्या आणि एक कुलूप पाठवतोय. किल्ली मुद्दामच एक ठेवलीय, ती तुझ्याकडेच राहील.

रागावली असलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा

१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बिजागऱ्या छान बसल्या, दार आता करकरत नाही. कुलूप परत पाठवतेय. मी काही चोरून रंगवत नव्हते. दार उघडंच राहील, फक्त उघडण्याआधी मला विचारायचं.

या रविवारी पुन्हा आई काढलीय. या वेळी तोंड आपल्याकडे आहे. पुढच्या रविवारी पांढरा हात मारणार, त्याआधी ये.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ठमी