पोटरीवरची लाल दोरी

३ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आलेत, दिवसभर कटिंगच्या टेबलापाशी उभी असते. हल्ली डाव्या पोटरीवर, फुगलेल्या शिरेच्या जागी, लाल पट्टा उठलाय. हाताला दोरीसारखा कडक लागतो, गरम असतो आणि दुखतो. शिवण आपण अंगठ्यानं दाबून बसवतो ना, तशी तेल लावून रोज दाबते. पण बसेल तर शपथ.

आईलाही असंच झालं होतं, आठवतं? डॉक्टरांनी तिला खाटेवर झोपवलं ते झोपवलंच. उठली तेव्हा पायात जीव नव्हता. पुन्हा कात्री म्हणून धरली नाही. मलाही झोपवलं तर तिचं दुकान बंद पडेल. म्हणून मी काही दवाखान्याची पायरी चढणार नाही. तुझ्या बायकोला सांगू नकोस, ती लगेच धावत येईल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी तो अंगठा आवर! पाय म्हणजे पायजम्याची शिवण नव्हे. आमच्या छापखान्यातल्या मशीनवाल्या मामांना हेच झालं होतं. कातडीखालची शीर सुजते आणि तिच्यात रक्ताची गुठळी धरते, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बहुतेकदा ती तिथंच विरते. पण वर चढत खोल शिरेत गेली, तर तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो. गुठळी कुठवर आहे ते नुसतं बघून कळत नाही, सोनोग्राफीच करावी लागते. दम लागला, छातीत दुखलं, तर तडक दवाखाना गाठ.

आईची फार आठवण आली गं. शाळेतून आलो की आपण टेबलाखाली चिंध्यांत लोळायचो आणि वर तिची कात्री कचाकचा चाललेली असायची. तो आवाज अजून कानात आहे. पण मला दुकान नको, तू हवीस. गेली नाहीस तर रविवारी येऊन उचलून नेईन, वजन किती का असेना.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझा गुंड्या

१७ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

वजनावर आलास म्हणून गेले हो! गुठळी मांडीपर्यंत चढली होती, खोल शिरेच्या अगदी जवळ. अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता काही आठवडे रक्त पातळ ठेवायची गोळी आणि पायात घट्ट मोजे. मी जीव मुठीत धरून विचारलं, की किती दिवस झोपून राहायचं. त्या म्हणाल्या, झोपायचं कशाला, चाला की! मधूनमधून टेबल सोडून चालायचं, बसलं की पाय वर घ्यायचा, एवढंच. मी तिथंच खुर्चीत रडले.

त्या काळी सगळेच झोपवायचे म्हणे. पण आई खाटेवरून उतरून हळूहळू दुकानाकडे निघायची आणि आपण दोघं तिला हाताला धरून परत आणायचो. ती हसायची आणि निमूट आडवी व्हायची.

आता मी रोज रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. माझं चालणं झालं की आणखी एक फेरी मारते. ती आईच्या वाटची.

येत जा, हक्कानं रागवत जा.
तुझी ताई