अर्धी प्रार्थना

भावोजी, सलाम.

तुम्ही चर्चचे पाळक, म्हणून विचारलंत: तुमच्या दादाने शेवटी प्रार्थना केली का? केली असेल तर त्याची कबर दफनभूमीच्या कुंपणाच्या आत आणता येईल.

दर रविवारी सायकलवर आम्हा नवराबायकोचं भांडण चाले, माणूस मातीतून घडला की माकडापासून, यावर. चर्चच्या दारात ते म्हणत, "जा, मातीच्या लेकी. माकडाचा नातू बाहेर थांबतो." मी हसतच आत जायची.

त्यांच्या शेवटच्या दिवशी उशाशी प्रार्थना म्हणताना मी मध्येच अडले. उरलेली त्यांनी म्हटली. मी आशेने पाहिलं, तर म्हणाले, "तुझं अडलं होतं गं."

खोटं लिहवत नाही, आणि हे खरं पत्र टपालात टाकवत नाही. मलाही कुंपणाबाहेरच, त्यांच्या शेजारी ठेवा, एवढं मात्र वेगळं कळवीन.

तुमची वहिनी